सूत कमी की काटा खोटा? एका दीर्घिकेच्या दोन निकालांचं प्रकरण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलावर दोन प्रोजेक्ट रिपोर्टचे कच्चे खर्डे आले. दोन्ही एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाचे आणि दोन्ही माझ्याच मार्गदर्शनाखालचे. दीर्घिका, म्हणजे असंख्य ताऱ्यांची वसाहत, एकच, आकडे एकाच फाइलीतले. पहिल्या खर्ड्याचा शेवट असा: या दीर्घिकेला कृष्णद्रव्याची, म्हणजे न दिसणाऱ्या द्रव्याची, गरज नाही, गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलला की एकही खुंटी न पिळता, म्हणजे कुठलाही आकडा सोयीने न फिरवता, सगळं जुळतं. दुसऱ्याचा शेवट असा: बदललेला नियम या दीर्घिकेत साफ चुकतो, कृष्णद्रव्य मानल्याशिवाय गत्यंतर नाही. बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षेला यायला अठरा दिवस उरले होते.

दोघांनीही आकड्यांत लबाडी केलेली नव्हती. मग असं झालं कसं, हे शोधताना माझे आधी चार दिवस वाया गेले आणि नंतर जे सापडलं ते एका टॉवेलाच्या कारखान्यात सापडलं. म्हणून हे सगळं लिहून ठेवतो आहे.

नावं देत नाही. पहिला खर्डा तिचा, दुसरा त्याचा. ती सोलापूरच्या पूर्व भागातली. वडिलांचे चार यंत्रमाग. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, रिपोर्ट इंग्रजीत. तो मंगळवेढ्याकडचा, घरी ज्वारीची शेती, इथं हॉस्टेलवर. दोघं एकमेकांच्या वह्या वापरायचे, एकाच गाड्यावर चहा प्यायचे, आणि या विषयावर मात्र एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत.

दीर्घिका आणि तिचा हिशोब

दीर्घिका होती एनजीसी ३१९८. सप्तर्षीच्या दिशेला, सुमारे साडेचार कोटी प्रकाशवर्षांवर. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्या सोलापूरकराला सप्तर्षी रोज दिसतात, ही दीर्घिका मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. या विषयात ती मोठी मानाची आहे, कारण १९८५ साली व्हान अल्बाडा आणि सहकाऱ्यांनी तिच्या फिरण्याचा आलेख मांडला आणि तेव्हापासून कृष्णद्रव्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकी चर्चेत ती येते.

प्रश्न साधा आहे. सूर्यमालेत बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो आणि पार कडेचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. जितकं दूर तितकं सावकाश, कारण जवळपास सगळं वजन मधल्या सूर्यात आहे. दीर्घिकेतही तारे मध्यभागी दाट असतात, तेव्हा कडेचा वायू सावकाश फिरायला हवा. तो तसा फिरत नाही. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेत हे मोजलं, १९७८ मध्ये आल्बर्ट बोस्मा यांनी हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर रेडिओलहरींवरून बऱ्याच दीर्घिकांमध्ये ते दाखवलं. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जी ३० मोठ्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, ती याच जातीच्या लहरी ऐकते. विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं. आमची मुलं एकदा एसटीने जाऊन आली, आणि परत आल्यावर महिनाभर त्यांच्या बोलण्यात हायड्रोजनशिवाय दुसरं काही नव्हतं.

एनजीसी ३१९८ चा हिशोब मी फळ्यावर करून दाखवतो तो असा. स्पार्क नावाच्या संग्रहात १७५ दीर्घिकांची मोजमापं आहेत, लेली, मॅकगॉ आणि शोम्बर्ट यांनी २०१६ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. त्यातला तारकांचा अवरक्त प्रकाश घ्यायचा, एका सूर्याइतक्या प्रकाशामागे अर्ध्या सूर्याइतकं वजन धरायचं, त्यात हायड्रोजन आणि हेलियम मिळवायचे. बेरीज येते सुमारे ३,४०० कोटी सूर्य. शेवटचं मोजमाप केंद्रापासून सुमारे १ लाख ४३ हजार प्रकाशवर्षांवर आहे. न्यूटनच्या नियमाने तिथला वायू सेकंदाला ५७ किलोमीटर धावायला हवा. प्रत्यक्षात तो धावतो १५० च्या आसपास. म्हणजे सोलापूर ते पुणे दोन सेकंदांच्या आत. एवढा वेग सांभाळून वायू धरून ठेवायचा तर २३,००० कोटी सूर्यांचं वजन लागतं. दिसतं त्याच्या जवळपास सातपट.

ज्युनिअर मुलांसमोर बोलताना तिने हे फार छान समजावलं होतं. "आमच्याकडे व्यापारी सूत तोलून देतो आणि टॉवेल तोलून घेतो. मधली घट ठरलेली असते. वजन जुळलं नाही तर दोनच गोष्टी. एक तर सूत कुठंतरी लपलंय, नाहीतर काटा खोटा आहे. सूत लपलंय म्हणणारे कृष्णद्रव्यवाले. काटा खोटा म्हणणारे मॉण्डवाले."

विज्ञानाच्या इतिहासात दोन्ही निकाल एकेकदा लागून गेलेत. युरेनस वाट चुकत होता तेव्हा लपलेलं वजन निघालं, १८४६ साली नेपच्यून सापडला. बुध वाट चुकत होता तेव्हाही आधी लपलेला ग्रहच शोधला गेला, पण तिथं काटाच बदलावा लागला. तो १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी बदलला.

काटा कसा बदलतात

मॉण्ड म्हणजे सुधारित न्यूटनीय गतिशास्त्र. मोर्देहाय मिलग्रॉम यांनी १९८३ मध्ये ते मांडलं. त्यांचं म्हणणं असं की न्यूटनचा नियम अंतर वाढलं म्हणून बिघडत नाही, त्वरण फार कमी झालं की बिघडतं. किती कमी? त्या सीमेला वर्गात आम्ही 'ए-नॉट' म्हणतो. ती आहे एक मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाच्या एक हजार कोटीव्या भागाच्या १.२ पट. आकडा डोक्यात शिरत नाही, म्हणून मी असं सांगतो: एवढ्या त्वरणाने उभ्या गाडीला चालत्या माणसाचा वेग गाठायला साडेतीनशेहून जास्त वर्षं लागतील. शिवाजी महाराजांच्या काळात ढकललेली गाडी आत्ता कुठे चालू लागली असती.

या सीमेच्या खूप खाली गेलं की मिलग्रॉम यांच्या नियमात कडेच्या वेगाचा चौथा घात थेट दिसणाऱ्या वजनाच्या प्रमाणात येतो. बाकी काही लागत नाही. दीर्घिकेचा आकार नाही, कृष्णद्रव्य नाही. एनजीसी ३१९८ चे ३,४०० कोटी सूर्य त्यात घाला, उत्तर येतं सेकंदाला १५२ किलोमीटर. मोजलेलं १५०. हे पहिल्यांदा स्वतःच्या हाताने करून बघणारा माणूस दोन मिनिटं गप्प बसतो. मीही बसलो होतो.

कृष्णद्रव्याच्या बाजूने हे गणित वेगळ्या रीतीने होतं. दीर्घिकेभोवती न दिसणाऱ्या द्रव्याचं मोठं प्रभामंडल आहे असं मानायचं, नवारो, फ्रेंक आणि व्हाइट यांनी संगणकावरच्या प्रयोगांतून काढलेला त्याचा आकार घ्यायचा, आणि दोन आकडे जुळवायचे: मंडलाचं एकूण वजन आणि ते मध्याशी किती एकवटलंय ते. तारकांच्या वजनाचा तिसरा आकडा धरला तर तीन. तंबोऱ्याच्या खुंट्यांसारखे हे आकडे पिळून सूर लावायचा. सूर लागतोच. खुंट्या तीन असल्यावर न लागायला काय झालं?

जिथं मी चुकलो

तर आता दोन खर्डे. तिच्या खर्ड्यात मॉण्डची रेघ मोजलेल्या बिंदूंवरून इतकी सुरेख गेलेली की हाताने काढल्यासारखी वाटावी. त्याच्या खर्ड्यात तीच रेघ कडेला वर निसटलेली, शेवटच्या बिंदूपाशी १५८ दाखवणारी. आठ-नऊ किलोमीटरचा फरक, आणि मोजमापातल्या चुकीच्या मर्यादा त्याहून लहान. त्याने 'अमान्य' लिहिलं होतं, लाल शाईत.

मग मघाचे १५२ कुठे गेले? तो आकडा अगदी अनंत दूरचा. प्रत्यक्षात शेवटचा बिंदूही जुना नियम आणि नवा नियम यांच्या सांध्याजवळच आहे, आणि तिथं दोन्ही जोडणारं एक सूत्र लागतं. अशी सूत्रं दोन-तीन प्रचारात आहेत. तिने एक घेतलं होतं, त्याने दुसरं. मला वाटलं, हाच घोळ. दोघांना बोलावून एकच सूत्र वापरायला लावलं, सगळं परत चालवलं. चार दिवस गेले, त्यात दोनदा लाइट गेली. शेवटच्या बिंदूवर दोन्ही सूत्रांत एका किलोमीटरचाही फरक पडला नाही.

त्यानंतर मी जे केलं ते मार्गदर्शकाने करू नये असं आहे. दोघांना म्हणालो, "निष्कर्षाचा परिच्छेद जरा मवाळ करा. 'अधिक संशोधनाची गरज आहे' असं लिहा." तो लगेच तयार झाला. ती म्हणाली, "सर, कुठल्या संशोधनाची?" उत्तर माझ्याकडे नव्हतं.

टॉवेल-टोपी

मेमध्ये पुतण्याचं लग्न होतं. आहेराला टॉवेल-टोपी द्यायची, तर टॉवेल तिच्या वडिलांकडूनच घ्यावेत म्हणून मी रविवारी त्यांच्याकडे गेलो. पारा बेचाळिसाला टेकलेला. पत्र्याखाली चार माग एकदम चालले की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी दोन थांबवले. पाणी दिलं, टॉवेल दाखवले आणि स्वतःहूनच विषय काढला.

"सर, पोरगी सांगत होती. वजन जुळलं नाही तर दोनच कारणं, म्हणते. सूत लपवलं, नाहीतर काटा खोटा. मी म्हणलं, तू कारखानदाराची पोरगी, तिसरं विसरलीस."

"तिसरं काय?"

"हवा." त्यांनी एक गठ्ठा हातात तोलला. "हे सूत आता वाळलंय. शंभर किलो घेतलं असेल तर तीन-चार किलो कमीच भरणार. श्रावणात परत भरून येणार. काटा तोच, सूत तेच. नवीन माणूस येतो आणि चोरी झाली म्हणून भांडत बसतो. म्हणून मी वहीत वजनाच्या समोर तारीख लिहितो. तारीख न लिहिलेल्या वजनावर मी कुणाशी भांडत नाही."

यात अंधश्रद्धा काही नाही. कापूस हवेतला ओलावा धरतो. व्यापारात कोरड्या सुतामागे साडेआठ टक्के ओलावा धरण्याची रीत आहे आणि सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो निम्म्याच्या आसपास येऊ शकतो. मी टॉवेल तिथंच ठेवून तिला विचारलं, "तुझ्या वहीत तारीख कुठली आहे?"

तिला लगेच कळलं. लॅपटॉप उघडला, पायथनची फाइल काढली. मागच्या वर्षीच्या एका सीनिअरकडून घेतलेला कोड होता तो. त्यात दीर्घिकेचं अंतर पक्कं दिलेलंच नव्हतं. मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत ते मोकळं सोडलं होतं आणि संगणकाने स्वतःच्या सोयीने ते साडेचार कोटींवरून चार कोटी पाच लाख प्रकाशवर्षांवर आणून ठेवलं होतं. त्याच्या फाइलीत अंतर साडेचार कोटींवर खिळवलेलं. 'एकही खुंटी न पिळता' हे तिचं वाक्य खोटं होतं, आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

अंतराने इतकं काय बिघडतं

आम्ही दीर्घिका बघतो तेव्हा दिसतो तो फक्त आकाशातला कोन आणि पोचणारा प्रकाश. खरा आकार आणि खरं वजन अंतरावरून काढायचं असतं. दीर्घिका दहा टक्के जवळ आणली तर तिची त्रिज्या दहा टक्क्यांनी घटते, आणि वजन अंतराच्या वर्गाने, म्हणजे सुमारे एकोणीस टक्क्यांनी. गंमत अशी की गुरुत्वाची ओढ म्हणजे वजन भागिले त्रिज्येचा वर्ग, त्यामुळे दिसणाऱ्या द्रव्याची ओढ तीच राहते. अंतर काहीही घ्या, ती बदलत नाही. मॉण्डचं त्वरण त्या ओढीवरून निघतं, तेही बदलत नाही. पण त्या त्वरणातून वेग काढताना त्रिज्येने गुणावं लागतं, आणि त्रिज्या घटली आहे. १५८ चे १५० होतात. मोजलेला वेग तर वर्णपटावरून थेट येतो, त्याला अंतराशी देणंघेणं नाही.

दहा टक्के ही सूट मनमानी नाही. या दीर्घिकेचं अंतर हबल दुर्बिणीने सेफीड जातीच्या रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांवरून मोजलेलं आहे, आणि स्पार्कच्या तक्त्यात त्यासमोर अधिक-उणे दहा टक्के लिहिलेलं आहे. म्हणजे ती आपल्या जागी प्रामाणिक, तोही आपल्या जागी. मॉण्डला ही दीर्घिका थोडी जवळ हवी असते ही तक्रार अभ्यासकांत जुनी आहे, आम्ही काही नवा शोध लावलेला नाही. तो शोध आम्हाला चार वाया गेलेले दिवस आणि एक आहेर घेऊन लागला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दोघांना समोरासमोर बसवलं. आता त्याची पाळी होती. त्याने मॉण्डला एकही खुंटी दिली नव्हती आणि कृष्णद्रव्याला तीन. अंतर खिळवलेलं, तारकांचं वजन मॉण्डच्या वेळी खिळवलेलं, प्रभामंडलाच्या वेळी मोकळं. हा सामना बरोबरीचा नव्हता. त्याने ते मान्य केलं आणि मग जे विचारलं ते मला अजून बोचतं: "पण सर, खुंट्या कमी म्हणजे खरं, असं कुठं आहे? निसर्गाने काय कमी खुंट्यांचा ठेका घेतलाय?"

नाही घेतलेला. आणि एका दीर्घिकेवर हा तंटा सुटत नाही.

एका दीर्घिकेच्या बाहेर

तिच्या बाजूने बोलायचं तर तिचा खरा पुरावा १५३ दीर्घिकांमधला आहे. २०१६ मध्ये मॅकगॉ, लेली आणि शोम्बर्ट यांनी २,६९३ बिंदू एकाच आलेखावर ठेवले. आडव्या अक्षावर दिसणाऱ्या द्रव्याची ओढ, उभ्या अक्षावर प्रत्यक्ष त्वरण. ठेंगण्या दीर्घिका, भरगच्च दीर्घिका, वायूने भरलेल्या, ताऱ्यांनी भरलेल्या, सगळे बिंदू एका बारीक पट्ट्यात येऊन बसतात, आणि पट्टा वळतो तो ए-नॉटपाशीच. अंधूक पसरट दीर्घिकांमध्ये तफावत मोठी निघेल हे मिलग्रॉम यांनी १९८३ मध्येच लिहिलं होतं, मोजमापं नव्वदच्या दशकात आली. कृष्णद्रव्य जर दिसणाऱ्या द्रव्यापेक्षा पाचपटीहून जास्त आहे, तर दिसणारं थोडंसं द्रव्य त्याला इतकं नेमकं कसं नाचवतं? याचं उत्तर संगणकावरचे दीर्घिका-निर्मितीचे प्रयोग देऊ पाहतात, माझ्या मते अजून ते ओढूनताणून आहे. शिवाय चोर हाती लागलेला नाही. अमेरिकेत साउथ डकोटात जमिनीखाली दीड किलोमीटरवर सात टन द्रवरूप झेनॉन घेऊन एलझेड प्रयोग कृष्णद्रव्याच्या कणाची वाट बघत बसलाय. कण आलेला नाही.

आता त्याची बाजू, आणि इथं मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण मॉण्डचे चाहते इथून घाईने निघून जातात.

१९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा नावाच्या दीर्घिकासमूहात वजन कमी पडतं हे पहिल्यांदा ओरडून सांगितलं. त्यातलं काही वजन पुढे सापडलंही, आणि ते खरोखर 'हवा' निघालं. १९७० मध्ये सोडलेल्या उहुरू उपग्रहाने आणि त्यानंतरच्या उपग्रहांनी दाखवलं की असे समूह क्ष-किरण फेकणाऱ्या तप्त वायूने भरलेले असतात, आणि त्या वायूचं वजन सगळ्या ताऱ्यांच्या कित्येक पट असतं. टॉवेलवाल्या काकांचा मुद्दा इथं अक्षरशः खरा ठरला. पण तो वायू धरूनही हिशोब जुळत नाही, आणि मॉण्ड लावूनही समूहांमध्ये जवळपास दुपटीचा तुटवडा राहतो. दीर्घिकांमध्ये जो काटा अचूक, तोच समूहांमध्ये कमी भरतो.

मग बुलेट समूह. दोन समूह एकमेकांतून आरपार गेलेले. वायू वायूवर आदळून मध्ये रेंगाळला, दीर्घिका मात्र एकमेकींना न शिवता पुढे गेल्या. दिसणारं बहुतेक वजन त्या वायूत आहे. २००६ मध्ये क्लोव आणि सहकाऱ्यांनी मागच्या दीर्घिकांचा प्रकाश किती वाकतो यावरून ओढ कुठे आहे ते काढलं. ओढ वायूपाशी नाही, पुढे गेलेल्या दीर्घिकांपाशी आहे. नुसता काटा बदलून वजनाची जागा कशी सरकेल? मॉण्डवाले इथं न्यूट्रिनोसारखं काहीतरी न दिसणारं द्रव्य आणतात. म्हणजे खोट्या काट्याच्या जोडीला लपलेलं सूतही.

आणि सगळ्यात जड पुरावा विश्वाच्या बाल्यावस्थेतला. सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणात, म्हणजे त्या काळापासून उरलेल्या प्रकाशात, जे चढउतार आहेत त्यांचं तिसरं शिखर. फक्त साधं द्रव्य असतं तर ते दबलेलं दिसलं असतं. ते दबलेलं नाही. प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या हिशोबात साधं द्रव्य ५ टक्के, कृष्णद्रव्य २७ टक्के, आणि विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी कृष्णऊर्जा ६८ टक्के. हे आकडे वेगळ्या युगातून, वेगळ्या पद्धतीने येतात आणि तरी दीर्घिकासमूहांशी जुळतात.

मिलग्रॉम यांचा मूळ नियम प्रकाश कसा वाकतो हे सांगतच नाही, त्यासाठी आइन्स्टाइनच्या सिद्धांतासारखं पूर्ण घर बांधावं लागतं. याकोब बेकेनस्टाइन यांनी २००४ मध्ये असं एक घर बांधलं, टेव्हेस नावाचं. १७ ऑगस्ट २०१७ ला ते पडलं. १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे आदळले, त्यांच्या गुरुत्वलहरी आणि गॅमाकिरण यांच्यात पृथ्वीवर पोचेपर्यंत फक्त १.७ सेकंदांचं अंतर पडलं. टेव्हेसमध्ये गुरुत्वलहरी आणि प्रकाश यांना इतकं बरोबर चालणं परवडत नव्हतं. कृष्णऊर्जेची जागा घेऊ पाहणारे बरेच सुधारित गुरुत्व-सिद्धांतही त्याच दिवशी आडवे झाले. अशा लहरी टिपणारी वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात उभी राहायची आहे, २०२३ मध्ये केंद्राने सुमारे २,६०० कोटी मंजूर केले. तिने मात्र खर्ड्यात एक ओळ वाढवली आणि ती योग्य होती: स्कॉर्डिस आणि झ्लोश्निक यांनी २०२१ मध्ये नवं घर बांधलंय, ज्यात लहरींचा वेग प्रकाशाइतकाच आहे आणि पार्श्वप्रारणही जुळतं. त्यात जास्तीची क्षेत्रं आहेत, जी सुरुवातीच्या विश्वात कृष्णद्रव्यासारखीच वागतात. ते वाचून तो हसला. ती हसली नाही.

माझं मत विचाराल तर कृष्णद्रव्य आहे. पण ए-नॉट हा योगायोग म्हणून झटकणाऱ्यांनी आयुष्यात एक तरी आलेख स्वतः काढलेला असावा, अशी माझी अट आहे.

कृष्णऊर्जेचं जादा प्रकरण

दोघांनाही शेवटी कृष्णऊर्जेवर एक प्रकरण जोडायचं होतं. मी ते चार पानांवरून एका पानावर आणलं. १९९८ मध्ये दोन गटांनी दूरच्या अतिनवताऱ्यांवरून, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून, दाखवलं की विश्वाचं प्रसरण वेग घेतंय. पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना त्यासाठी २०११ चं नोबेल मिळालं. मार्च २०२५ मध्ये दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या डेसी प्रकल्पाने सुचवलं की ही ऊर्जा काळाबरोबर बदलत असावी. अतिनवताऱ्यांची कुठली यादी जोडली यावर पुराव्याचं बळ २.८ ते ४.२ सिग्मा असं हलतं (सिग्मा जितके जास्त तितकी योगायोगाची शक्यता कमी), शोध म्हणवायला पाच लागतात. पुन्हा तेच. वजनासमोर कुठली तारीख आहे?

तिला हवं होतं ते वेगळं. प्रकाशाचा वेग गुणिले हबल स्थिरांक (विश्वाच्या प्रसरणाचा दर), भागिले २π: उत्तर ए-नॉटच्या फार जवळ येतं. दीर्घिकेतली सीमा विश्वाच्या प्रसरणाला ठाऊक आहे की काय? मिलग्रॉम यांनीही हे टिपलं होतं. मी तिला तळटीपेत ठेवू दिलं. निष्कर्षात नाही.

या पानावर जयंत नारळीकरांचा उल्लेख दोघांच्याही खर्ड्यांत होता, एवढी एकच गोष्ट आपसूक जुळली. २० मे २०२५ ला ते गेले. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाचा वेगळा सिद्धांत मांडला, १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासह स्थिरवत स्थितीचं विश्व मांडलं. विश्वाला आरंभच नाही असं मानणाऱ्या हॉइल यांच्या मूळ स्थिर स्थिती सिद्धांतात प्रसरण वेग घेत जातं, हे १९९८ च्या कितीतरी आधी कागदावर होतं. पार्श्वप्रारण समजावायला मात्र त्यांना अंतराळात लोखंडाच्या बारीक सुया पसरलेल्या मानाव्या लागल्या, आणि तिथं बहुतेकांनी त्यांची साथ सोडली. वेगळी वाट धरणाऱ्याला खुंट्या चुकत नाहीत. ते त्या झाकत नव्हते, हे महत्त्वाचं.

तोंडी परीक्षा

अंतिम रिपोर्टांत दोघांनी एकच आकृती वापरली. तीन रेघा: पक्क्या अंतरावरचं मॉण्ड, दहा टक्के जवळच्या अंतरावरचं मॉण्ड, आणि प्रभामंडल. शेजारी एक तक्ता: कुठली खुंटी कोणी पिळली, किती, आणि ती पिळायला परवानगी कुठल्या मोजमापाने दिली. तक्त्याला तिने नाव दिलं 'तारीख'. मी ते छापण्याआधी बदलायला लावलं, आता वाटतं उगाच.

परीक्षकांनी आकृती बघितली आणि त्याला विचारलं की प्रभामंडल किती एकवटलेलं असावं हा आकडा त्याने कुठून आणला. तो म्हणाला, संगणकी प्रयोग वजनावरून त्याची मर्यादा सांगतात, पण मी तो मोकळा सोडला होता. ती मर्यादा घातली तर आतल्या भागात माझी रेघ थोडी बिघडते. परीक्षकांनी मान हलवली.

तिला विचारलं, "उद्या अंतर साडेचार कोटीच निघालं, आणि चूक तीन टक्क्यांच्या आत. मग?"

"मग मला तारकांच्या वजनाची खुंटी पिळावी लागेल," ती म्हणाली. "०.५ च्या जागी ०.४ धरलं तर वेग १५३ येतो, तेवढं चालून जाईल. तीही कुणी खिळवली, तर सर, या दीर्घिकेत माझा काटा खोटा."

पुढे काय करायचं आहे असं विचारल्यावर तिने डीडीओ १५४ चं नाव घेतलं. ती ठेंगणी दीर्घिका जवळपास सगळी वायूचीच आहे. तारे इतके थोडे की ०.५ धरा की ०.४, हिशोबात फरक पडत नाही. अंतराची खुंटी तिथंही आहे, पण आखूड.